दुसऱ्या नजरेचा रकाना

आमच्या कपाटाचा खालचा कप्पा पक्ष्यांच्या वह्यांनी भरलेला आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, सगळ्या बुधवार पेठेतल्या एकाच दुकानातून आणलेल्या. प्रत्येक पानावर नवऱ्यानं पट्टीनं आखलेले पाच रकाने: तारीख, जागा, पक्षी, संख्या आणि शेवटचा ‘दुसरी नजर’. त्या शेवटच्या रकान्यात माझी सही असते. जिथे सही नाही, ती नोंद खोडलेली असते. हा नियम मी आणला. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय मला नाही.

नियम आला माझ्या नोकरीतून. कसबा पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीसेक वर्षं तंत्रज्ञ होते. दिवसभर काचपट्ट्या आणि मायक्रोस्कोप. आमच्या मोठ्या डॉक्टरांची शिस्त अशी की एखाद्या पट्टीबद्दल शंका आली तर शेजारच्याला उठवायचं. त्यानं बसायचं, मायक्रोस्कोप स्वतःच्या डोळ्याला जुळवून घ्यायचा, मगच बघायचं. त्यालाही दिसलं तर रिपोर्टवर सही. जुळवून न घेता बघणाऱ्याला डॉक्टर सगळ्यांदेखत विचारायचे, ‘बाई, आपण बघितलंत की नुसतं डोकावलात?’

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हे मला खडकवासल्याच्या मागच्या पाण्यावर पक्षी दाखवायला घेऊन गेले. (नवऱ्याला मी लिहितानाही ‘हे’च म्हणते. चाळीस वर्षांची सवय आहे, आता सुधारायची नाही.) धुकं होतं, पाण्यावर लांब काही ठिपके होते आणि हे छातीठोकपणे म्हणाले, ‘चक्रवाक. बावीस.’

मी म्हटलं, ‘मला बदकं दिसतायत. कुठली आणि किती, ते धुकं गेल्यावर बोलू. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट दिला तर घरी बसवतील.’

दुसरा एखादा नवरा चिडला असता. हे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे, पट्टी-पेन्सिल कायम पिशवीत. तिथेच स्कूटरच्या सीटवर वही ठेवून त्यांनी पाचवा रकाना आखला. धुकं निवळल्यावर मी मोजले तर एकोणीस भरले. हे म्हणाले, ‘बघ, म्हणजे आता तुला दर रविवारी यावंच लागणार.’ मला वाटलं होतं मी त्यांना शिस्त लावली. त्यांनी मला कायमचं मागच्या सीटवर बसवलं होतं.

दुर्बीण आमच्याकडे एकच. आधी हे बघणार, मग मी. मला उणे पाचचा चष्मा, त्यामुळे दुर्बीण हातात आली की आधी चष्मा कपाळावर चढवायचा, मग मधलं चाक फिरवून माझ्या डोळ्याला जुळवायचं, तेव्हा कुठे पक्षी दिसणार. न फिरवता बघितलं तर नुसता पांढरा-करडा लेप. इतकी वर्षं दर रविवारी माझं बोट त्या चाकावर आपोआप जायचं.

अडीच वर्षांपूर्वी यांना आमच्या हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले दिसायला लागले. पांढरा सदरा, मांडीवर काळी टोपी. बोलत नाहीत, त्रास देत नाहीत, नुसते बसलेले. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक मांजर येऊ लागलं. आम्ही कधी मांजर पाळलेलं नाही. त्याच सुमाराला यांचं अक्षर बारीक होऊ लागलं, ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी आणि संपेपर्यंत मुंगीएवढी व्हायची. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते इथे देण्यात अर्थ नाही. म्हणाले, हळूहळू वाढत जाईल. नसलेल्या गोष्टी दिसत राहतील आणि त्या अगदी खऱ्यासारख्या दिसतील.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पाचव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘आपल्याकडे याची व्यवस्था आधीपासून आहे. मला काही दिसलं की मी विचारीन. तू बघायचं आणि सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय बोललेय?’

‘म्हणूनच तुला सांगतोय,’ हे म्हणाले.

आणि दीड वर्ष ते चाललं. पेपर वाचता वाचता मान वर करायचे, खुर्चीकडे बोट दाखवायचे. ‘आहेत?’ मी स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, खुर्चीकडे बघायची. ‘नाहीत.’ ‘मग खोडा,’ असं ऑफिसातल्या थाटात म्हणून हे पुन्हा पेपरात डोकं घालायचे. माणसं भास झाला की घाबरतात, ओरडतात. हे अग्रलेख पूर्ण करायचे. डॉक्टरसुद्धा चकित झाले होते. यांचं सगळं शहाणपण माझ्या एका ‘नाही’वर उभं होतं आणि मला ते ठाऊक होतं. खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

एक पक्षी मात्र आमच्या वहीत नव्हता. कालवफोड्या. समुद्राकाठचा पाहुणा, अंगानं काळा-पांढरा आणि चोच लांबलचक, लालभडक. खडकांवरची कालवं त्या चोचीनं फोडून खातो. पुण्याला तो कशाला येतोय? आणि आम्ही समुद्रावर जायचो ते मुलीच्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात. तो येणार हिवाळ्यात. त्यामुळे आमच्या सगळ्या कोकणच्या सहली आंबे आणि घामोळं यांवर भागायच्या. मुलगी नोकरीला लागली, बंगळूरला गेली, आम्ही निवृत्त झालो, तरी आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलो. गेल्या डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, ‘कुठे जायचं असेल तर या हिवाळ्यात जाऊन या. पुढच्याचं मी सांगत नाही.’ मुलीनं फोनवरून पाच दिवसांचं समुद्रकाठचं कॉटेज ठरवून टाकलं. ड्रायव्हरसकट गाडीही.

कॉटेज म्हणजे जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढे पडवी आणि पडवीत झोपाळा. पुढे सुरूचं बन, बनापलीकडे वाळू आणि समुद्र. उजवीकडे दहा मिनिटं चाललं की खाडीचं मुख. ओहोटीला तिथे वाळूचा एक दांडा उघडा पडायचा आणि त्यावर पक्ष्यांची दाटी व्हायची. मालकीणबाई शेजारच्याच घरात राहायच्या आणि जेवणखाण तिथून यायचं. त्यांना मी पहिल्याच दिवशी यांच्या आजाराचं सांगून ठेवलं, तर त्या म्हणाल्या, ‘असू दे हो. इथे समुद्राकडे बघत बसलं की धडधाकट माणसालाही काय काय दिसतं. बसा, चहा टाकत्ये.’ शेजारच्या कॉटेजमध्ये हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं होतं, तिशीतलं. तिच्याकडे तोफेएवढा कॅमेरा होता आणि तो तिचा नवरा निमूटपणे वाहायचा. मला ते बघून बरं वाटलं.

दुसरा दिवस फार चांगला गेला. खाडीच्या मुखाशी आम्ही दोन तास उभे होतो. कुरव, म्हणजे सीगल, शेकड्यांनी, सुरय, तुतवार, चिखल्या, बाकदार चोचीचा एक कोरल. यांची बोटं थरथरत होती तरी दुर्बीण डोळ्याला लागली की हात स्थिर व्हायचे. हे नाव घ्यायचे, मी बघून ‘हो’ म्हणायची, वहीत मुंगीच्या अक्षरात नोंद व्हायची आणि समोर माझी सही. एकदाही खोडावं लागलं नाही. परत येताना माझा हात धरून वाळूतून चालताना हे म्हणाले, ‘कालवफोड्या तेवढा राहिला. येईल. अजून तीन दिवस आहेत.’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं बिघडलं. कदाचित जागा बदलल्यामुळे असेल, डॉक्टरांनी तशी सूचना दिली होती. मी चहाचे कप घेऊन पडवीत आले तर हे झोपाळ्याच्या कडेला अंग चोरून बसले होते, दुसऱ्याला जागा करून दिल्यासारखे. मला म्हणाले, ‘चिकट माणूस आहे. इथेही आले.’ आणि हसले. मी म्हटलं, ‘नाहीत, झोपाळा रिकामा आहे.’ ‘मग खोडा.’ पण दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. मग समुद्राकडे बोट करून म्हणाले, ‘त्या बायका बघ. कमरेएवढ्या पाण्यात ओळीनं उभ्या आहेत, हिरव्या लुगड्यातल्या. किती सुंदर दिसतायत!’ मी उठून बनाच्या कडेपर्यंत गेले, बघून आले, नाही म्हटलं. परत आले तर बनातल्या झाडांना दिवे लागले होते. तेही नाही. मग पायाशी मांजर. तेही नाही. अंधार पडेपर्यंत मी नाही, नाही, नाही म्हणत होते. शेवटी शेवटी मी वळून बघतही नव्हते. त्यांनी विचारायचं आणि मी म्हणायचं. कोणी दुसरं असतं तर मला म्हणालं असतं, बाई, जरा थांब.

त्या रात्री कुणालाच नीट झोप लागली नाही. तरी सकाळी सहालाच हे उठून बसले, स्वेटर घातला, वही पिशवीत टाकली. ओहोटी होती. साडेसातच्या सुमाराला आम्ही खाडीच्या मुखाशी पोचलो. दांड्यावर पक्षी होते, नेहमीसारखे. मच्छीमारांनी वाळूत रोवलेल्या एका काठीला लाल चिंधी बांधलेली होती, ती फडफडत होती. यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मी डोळे मिटून उभी होते.

‘अगं!’ हे म्हणाले. ‘कालवफोड्या! पाच आहेत. त्या लाल चिंधीच्या डावीकडे, कुरवांच्या पुढे. चोची बघ, तोंडात गाजरं धरल्यासारख्या. किती सुंदर दिसतायत!’

आदल्या संध्याकाळी पाण्यातल्या बायकांबद्दल बोलले होते तो हाच आवाज आणि हेच शब्द. यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी चष्मा कपाळावर चढवला, दुर्बीण डोळ्याला लावली. पांढरा-करडा लेप होता. त्यात एक लाल ठिपका हलत होता. ती चिंधी, असं मी मनात म्हटलं.

‘नाहीत,’ मी म्हटलं.

‘परत बघ. डावीकडे.’

मी परत दुर्बीण लावली. परत तोच लेप. ‘अहो, नाही म्हटलं ना. कुरव आहेत नुसते. चला आता, आंबोळ्या गार होतील.’

हे माझ्याकडे बघत राहिले. दुर्बीण त्यांच्या हातात परत आली होती, पण त्यांनी ती डोळ्याला लावली नाही. मी नाही म्हटल्यावर पुन्हा बघायचं नाही, हे त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. नाहीतर मग नियमाला अर्थ काय? वहीत पेन्सिलीनं ‘कालवफोड्या’ लिहून झालं होतं, संख्या पाच. यांनी पट्टी काढली, उभ्यानं वही पोटाशी धरली आणि त्यावरून एक सरळ रेघ मारली. हात थरथरत असताना ती रेघ कशी सरळ आली देव जाणे.

‘खोडलं,’ हे म्हणाले. आंबोळ्या गरमच होत्या.

दुपारी हे जेवून झोपले. मी पडवीत बसले होते. शेजारची कॅमेरावाली आली, झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसली. ‘काकू, सकाळी तुम्ही पण होतात ना तिथे? मी तुम्हाला हात केला, पण तुम्ही बघितलंच नाही. काकांचा डे मस्त गेला असेल! काय क्लोज आले होते ना? मी तर वेडीच झाले. बघा, एकदम शार्प आलाय.’ आणि तिनं कॅमेऱ्याचा मागचा पडदा माझ्यापुढे धरला.

पाच होते. काळे-पांढरे, ओळीनं. चोची लाल, तोंडात गाजरं धरल्यासारख्या. उजवीकडे काठीवरची लाल चिंधी.

मी ‘छान’ म्हटलं. तिनं तो फोटो माझ्या फोनवर पाठवलाही. ती गेल्यावर मी घराच्या मागे विहिरीपाशी जाऊन बसले. तिथे मला आठवलं, माझं बोट चाकावर गेलंच नव्हतं. तीसेक वर्षं ज्या बाईनं जुळवून घेतल्याशिवाय एका काचपट्टीकडे बघितलं नाही, तिनं नवऱ्याच्या आयुष्यभराच्या पक्ष्याकडे नुसतं डोकावलं होतं. थकले होते, हे खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. चाक फिरवायची मला गरजच वाटली नव्हती, कारण माझा निकाल आधीच ठरला होता. मी पक्षी तपासलेच नाहीत. मी नवऱ्याला तपासलं आणि नापास केलं. विहिरीच्या कठड्यावर बसून मी खूप रडले. इतकी मी आजाराचं नाव ऐकल्यावरही रडले नव्हते.

आता सांगायचं की नाही? सोपं वाटतं, तसं ते नव्हतं. सांगितलं तर यांना पक्षी परत मिळणार. पण त्याबरोबर हेही कळणार, की माझा ‘नाही’ चुकू शकतो. मग खुर्चीतल्या गृहस्थांचं काय? ओट्यावरच्या मांजराचं काय? यांच्या पायाखाली तेवढी एकच फळी होती आणि ती मी होते. नाही सांगितलं तर फळी शाबूत, पण कालवफोड्या माझ्या फोनमध्ये लपवलेला. मी ठरवलं, नाही सांगायचं. त्या संध्याकाळी हे झोपाळ्याकडे बोट करून विचारत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. माझा प्रत्येक ‘नाही’ खरा होता आणि प्रत्येक वेळी मला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी आम्ही पुन्हा दांड्यापर्यंत जाऊन आलो. या वेळी मी चाक फिरवलं, दोनदा, तीनदा. दांड्यावर खरोखरच नुसते कुरव होते.

परतीच्या वाटेवर घाटात चहाला थांबलो. ड्रायव्हर टायर बघत होता. आम्ही टपरीच्या बाकड्यावर. यांच्या कपातला चहा हिंदकळत होता म्हणून मी तो बशीत ओतून दिला. दोन घोट घेऊन हे म्हणाले, ‘तू होतीस म्हणून बरं झालं. नाहीतर काल मी कालवफोड्या लिहून मोकळा झालो असतो. इतकी वर्षं जपलेली वही, शेवटी तिच्यात खोटा पक्षी घुसला असता.’ आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसू शकले असते. ते थोपटणं मला सहन झालं नाही. मी फोन काढला, फोटो उघडला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ‘पाच होते. तुम्हाला बरोबर दिसले होते. मी चाक फिरवलं नव्हतं.’

यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. वही मागितली. खोडलेल्या ओळीच्या खाली नव्यानं लिहिलं, ‘कालवफोड्या, ५’, आणि पेन्सिल मला दिली. मी सही केली. हे एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. ‘होतं असं,’ म्हणाले. ‘तुझी झोप झाली नव्हती.’ आणि पुण्याच्या वेशीवरच्या चांदणी चौकापर्यंत फोन हातात धरून बसले. मला वाटलं, सुटलो. फळीही राहिली आणि पक्षीही मिळाला.

घरी पोचलो, मी कुलूप काढलं, दिवा लावला. हे दारातच थांबले, हॉलमधल्या खुर्चीकडे बघत. या वेळी ‘आहेत?’ असं विचारलं नाही. मीच बॅग खाली ठेवत सवयीनं म्हटलं, ‘कुणी नाही हं.’

हे वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘नीट बघितलंस का?’

टोमणा नव्हता. टोमणा मला कळतो, जन्म पुण्यात गेलाय. हे खरंच विचारत होते. मी खुर्चीपर्यंत गेले, तिच्या पाठीवरून, बैठकीवरून हात फिरवून दाखवला. म्हटलं, ‘बघितलं. नाहीत.’ हे माझ्या हाताकडे बघत होते, जणू तो हात कुणाच्या अंगावरून फिरत असावा. मग म्हणाले, ‘बरं,’ आणि चपला काढल्या. ‘मग खोडा’ म्हणाले नाहीत.

त्यानंतर त्यांनी मला विचारणंच बंद केलं. आधी मला वाटलं भास कमी झाले. मग एकदा दुपारी मी गॅसचा नंबर लावत होते तेवढ्यात हे गृहस्थांना पोचवायला म्हणून खाली उतरले, सोसायटीच्या गेटबाहेर गेले, आणि सिंहगड रस्ता ओलांडून कालव्याच्या कठड्यापाशी सापडले. मी ओरडले. ‘कोणी नव्हतं हो! मी सांगतेय ना, कोणी नव्हतं!’ हे म्हणाले, ‘तुला दिसत नाहीत, त्याला ते तरी काय करणार?’ डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, आजार पुढे सरकलाय, हे व्हायचंच होतं, तुमच्या त्या पक्ष्याचा काही संबंध नाही. मुलगी फोनवर म्हणते, आई, तू सांगितलंस तेच बरोबर केलंस. दोघंही शहाणी आहेत. दाराशी उभं राहून विचारलेलं ‘नीट बघितलंस का’ त्यांनी ऐकलेलं नाही. संबंध नसेलही. पण दीड वर्ष जी फळी टिकली ती त्याच आठवड्यात गेली, एवढं मला दिसतं, आणि यात मला दुसऱ्या नजरेची गरज नाही.

आता दिवसभरासाठी एक ताई येतात, अकोल्याकडच्या. पहिल्याच दिवशी यांनी खुर्चीकडे हात करून त्यांना सांगितलं, ‘यांनाही चहा द्या.’ ताईंनी विचारलं, ‘बाबा, पाहुण्यांना साखर किती टाकू?’ हे खूश. स्वयंपाकघरात येऊन त्या मला म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही कायले नाही नाही म्हणता? त्यांना तरास होते. हो म्हणाचं अन् चहा ठेवाचा.’ मला त्यांचा राग आला. पाच मिनिटांत त्यांना जमलं ते मला जमलं नाही, याचा जास्त आला. त्यांच्याशी हे आता माझ्यापेक्षा जास्त बोलतात. मी हॉलमध्ये आले की गप्प होतात, परीक्षक आल्यासारखे.

गेल्या रविवारी ताईंची सुट्टी होती. सकाळी हे म्हणाले, ‘वही दे.’ घाटातल्या त्या नोंदीनंतर वही उघडलीच नव्हती. मी दिली. पट्टीही दिली. ते लिहायला बसले. अक्षर आता इतकं बारीक झालंय की मला भिंग आणावं लागलं. तारीख चुकली होती. जागेच्या रकान्यात ‘घर’. तिसऱ्या रकान्यात ‘गृहस्थ’. संख्या १. मग वही माझ्याकडे सरकवली, पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे तसं बघितलं होतं, विचारणाऱ्या नजरेनं.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि नीट बघितलं. आयुष्यात एखाद्या काचपट्टीकडे बघितलं नसेल इतकं नीट. वेत एका बाजूनं उसवला होता, बैठकीवर कालचा पेपर पडला होता. खुर्ची रिकामी होती.

मग मी परत आले आणि सही केली.